सेनिओच्या बांधावरील एक दिवस

भोपाळच्या उत्तर अंगाला करोंद आहे. तेथून पश्चिमेकडे काही मैल गेले की बैरागढ लागते. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत म्हणून हे नाव सर्वांना परिचित आहे. परंतु त्यापूर्वी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, तेथे इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश आणि हिंदी फौजांच्या हाती सापडलेले हे सैनिक समुद्र ओलांडून माळव्याच्या पठारावर आले आणि काटेरी तारांच्या आड घराची वाट पाहत राहिले. दैवाचा खेळ असा की, ज्या वर्षांत इटलीचे पुत्र माळव्याच्या मातीत दिवस मोजत होते, त्याच वर्षांत महाराष्ट्राचे पुत्र इटलीच्या मातीत रक्त सांडत होते. त्यांच्या आयुष्यातील एका दिवसाची, सोमवार, 9 एप्रिल 1945 या दिवसाची, ही हकीकत आहे.

महायुद्धाचा एक दिवस म्हणजे एक लढाई नव्हे. जमीन, पाणी आणि आकाश या तिन्ही ठिकाणी तो दिवस एकाच वेळी उगवतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा रंग निराळा असतो. 1 एप्रिलला ईस्टरचा सण झाला होता. त्याच दिवशी अमेरिकन सैन्य जपानच्या ओकिनावा बेटावर उतरले होते आणि पुनरुत्थानाच्या त्या सणानंतरचा सारा आठवडा मरणाच्या बातम्यांनी भरून गेला होता.

8 आणि 9 एप्रिलच्या मधली रात्र. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, एड्रियाटिक समुद्राला लागून कोमाक्किओचे विस्तीर्ण खाजण आहे. त्या उथळ पाण्यातून मेजर अँडर्स लासेन हा डेन्मार्कचा तरुण सतरा जवानांची तुकडी घेऊन उत्तर काठावर उतरला. येथे मोठे सैन्य उतरत आहे असा जर्मनांचा समज करून द्यावा, हा त्या छाप्याचा हेतू होता. लासेनने एकामागून एक ठाणी निकालात काढली. शेवटच्या ठाण्यातून शरणागतीची हाक आली म्हणून तो पुढे गेला आणि तिथेच गोळी लागून पडला. त्याची मातृभूमी तेव्हाही जर्मनांच्या ताब्यात होती. ती मुक्त झालेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

पहाट झाली. जर्मनीतील फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत डीट्रिख बोनहोफर या लुथरन धर्मोपदेशकाला फाशी देण्यात आले. हिटलरच्या राजवटीला विरोध करणे हा त्यांचा अपराध. त्या दिवशीच्या युद्धपत्रकांत या मृत्यूची नोंद असण्याचे कारण नव्हते, कारण तेथे तोफ उडाली नव्हती. परंतु नि:शस्त्र माणसाने दिलेली झुंज हीही युद्धाचाच एक भाग असते.

दुपारी रणभूमी सेनिओ नदीच्या काठी सरकली. अपेनाइन पर्वतातून निघून उत्तरेकडे वाहणारी ही नदी म्हणजे मोठा प्रवाह नव्हे. लढाईच्या जागी तिचे पात्र अवघे पंधरा फूट रुंद आणि चारपाच फूट खोल. आपल्याकडच्या ओढ्यालाही ती हसण्यासारखी वाटेल! पण पुराचे पाणी सपाट शेतांत पसरू नये म्हणून शेतकऱ्यांनी तिच्या दोन्ही तीरांवर तीस ते पस्तीस फूट उंचीचे मातीचे बांध घातले होते. जर्मनांनी ते बांध आतून पोखरून त्यांत खंदक आणि मशीनगनची ठाणी केली आणि पाण्याच्या कडेला सुरुंग पेरले. शेतीच्या रक्षणासाठी घातलेला बांध असा किल्ल्याचा तट झाला. 1944–45 चा सारा हिवाळा दोन्ही सैन्ये या नदीपाशी अडून पडली होती.

हा तट फोडण्याचे काम ब्रिटिशांच्या आठव्या सेनेकडे होते. तिच्यात आठवी हिंदी डिव्हिजन होती, न्यूझीलंडचे सैनिक होते आणि आपला देश गमावून बसलेले पोलिश सैनिकही होते. प्रथम सुमारे आठशे जड विमाने आकाशात आली. त्यांनी लहान लहान तुकड्यांनी फुटणारे बाँब टाकले. मोठ्या बाँबांनी जमिनीत खड्डे पडले असते आणि मागून येणाऱ्या रणगाड्यांची वाट अडली असती. नंतर तोफा सुरू झाल्या. त्या मधूनच थांबत. आता पायदळ येणार या समजुतीने जर्मन सैनिक बाहेर येत आणि तोफा पुन्हा धडाडत. असे अनेकदा झाले. शेवटी विमाने खाली झेपावली, पण या खेपेस त्यांनी बाँब टाकले नाहीत. शत्रूने मान खाली घातली, आणि संध्याकाळी सातच्या सुमारास खरे पायदळ निघाले.

त्या पायदळात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. तिच्या एका कंपनीत शिपाई नामदेव जाधव हे निरोप्याचे काम करीत. ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे. वय तेवीस वर्षांचे. कंपनीच्या अधिकाऱ्यासोबत नदी ओलांडून ते पश्चिम तीरावर पोहोचतात तोच पाठीमागच्या बांधातील ठाण्यांतून गोळ्यांचा वर्षाव सुरू झाला. अधिकारी आणि दोन शिपाई जखमी झाले. बाकीचे सारे ठार झाले. धड उभे राहिले ते एकटे नामदेव.

येथे त्यांनी काय केले, आणि कोणत्या क्रमाने केले, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. कोणाचा हुकूम नसता त्यांनी एका जखमीला उचलले, खोल पाण्यातून नेले, सुरुंगांच्या पट्ट्यातून तो उभा चढ चढून सुरक्षित जागी पोहोचविले. मग ते परत आले आणि दुसऱ्या जखमीला तसेच घेऊन गेले. हे दोन्ही वेळा गोळ्यांच्या माऱ्यात घडले. त्यानंतर, तिसऱ्या खेपेस, ते लढण्यासाठी आले. टॉमीगनने त्यांनी पहिले ठाणे बंद पाडले. हाताला गोळी लागून बंदूक चालविता येईना, तेव्हा ती टाकून हातबाँब घेतले. ते संपल्यावर सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी घेतले आणि उरलेली दोन ठाणी उद्ध्वस्त केली. मग उखळी तोफांचा मारा चालू असतानाच ते बांधावर उघड्यावर उभे राहिले आणि मराठ्यांची रणगर्जना करीत त्यांनी मागच्यांना हाताने पुढे बोलाविले. शिवछत्रपतींचा जयजयकार रोमान्याच्या त्या मैदानावर घुमला आणि पलटण नदीपार झाली.

त्याच संध्याकाळी, त्याच नदीवर, फ्युझिन्यानो गावाजवळ फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनीही असेच अतुल शौर्य गाजविले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक नगरकडचा, एक सरहद्दीकडचा. अडीच वर्षांनंतर त्यांचे देश दोन झाले, परंतु 9 एप्रिलला नदी एकच होती.

दिवस अद्याप संपला नव्हता. पूर्व प्रशियात क्योनिग्सबर्गच्या जर्मन सेनापतीने सोव्हिएट सैन्यापुढे शस्त्रे ठेवली. रात्री ब्रिटिश विमानांनी कील बंदरावर हल्ला केला आणि ‘अॅडमिरल शेअर’ ही बलाढ्य जर्मन युद्धनौका गोदीतच उलटून गेली. समुद्रावर वर्षानुवर्षे दरारा गाजविणारी ती नौका समुद्रावर बुडाली नाही. घरच्या धक्क्यापाशी, आकाशातून आलेल्या आघाताने बुडाली. पुढे 2 मे रोजी इटलीतील जर्मन सैन्य शरण आले.

आता एक प्रश्न उरतो. नामदेव ज्या जिल्ह्याचे, त्याच जिल्ह्याच्या किल्ल्यात 1942 च्या ऑगस्टमध्ये पंडित नेहरू आणि काँग्रेसचे इतर नेते स्थानबद्ध झाले होते. 9 एप्रिल 1945 रोजीही पंडितजींची सुटका झालेली नव्हती. मग हा शिपाई कोणाच्या स्वातंत्र्यासाठी लढत होता? ज्या राज्याचे पदक त्याच्या छातीवर लागले, त्या राज्याने त्याच्या देशाचे नेते कोंडून ठेवले होते. हा विसंवाद खरा आहे, आणि पराक्रमाच्या वर्णनाने तो झाकू नये. परंतु त्याच्यामुळे पराक्रमही खोटा ठरत नाही. पाण्यात पडलेला जखमी सोबती हा काही साम्राज्याचा प्रश्न नव्हता. तो दोन माणसांमधला प्रश्न होता, आणि नामदेव जाधवांनी त्याचे उत्तर पाठीवर वाहून नेले.

इटलीत पाच हजारांहून अधिक हिंदी सैनिक कामी आले. त्यांपैकी माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस लाभला, तो मरणोत्तर. त्यांच्या स्मरणार्थ 2023 साली मोंतोने या इटालियन गावात छायाघटिका उभारली गेली. सर्व माणसे एकाच सूर्याखाली राहतात, असा तिच्यावरील वचनाचा आशय आहे.

नामदेव जाधव मात्र घरी परतले आणि 1984 साली पुण्यात निवर्तले. त्यांचे स्मरण करताना तीन ठाण्यांची गोष्ट अगत्याने सांगितली जाते, आणि ती सांगावीही. परंतु मुलांना ती सांगताना क्रम चुकवू नये. तीन वेळा त्यांनी तो बांध ओलांडला. पहिल्या दोन खेपा माणसे वाचविण्यासाठी होत्या.