मेंदूतच निपजणारे विष



विष म्हणजे बाहेरून शरीरात शिरणारे द्रव्य, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मेंदूच्या बाबतीत ती अपुरी ठरते.

मध्यमेंदूत काळसर रंगाच्या चेतापेशींचा एक पुंजका असतो. या पेशी डोपामिन निर्माण करतात आणि त्यामुळे आपल्या हालचाली सुरळीत होतात. मात्र त्याच डोपामिनचे पेशीत विघटन होताना हायड्रोजन पेरॉक्साइड व एक दाहक आल्डिहाइड तयार होते. पेशीतील विकरे आणि ग्लुटाथायोन नावाचे संयुग त्यांना निष्प्रभ करतात. हे संरक्षण दुबळे झाले, की पेशी स्वतःच्याच उत्पादनाने घायाळ होऊ लागते.

कंपवाताने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूतील या भागात ग्लुटाथायोन घटलेले आढळले आहे. दिल्लीनजीक माणेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील संशोधकांनी चुंबकीय अनुनादाच्या साहाय्याने जिवंत माणसांच्या मेंदूतील ग्लुटाथायोन मोजले. अल्झायमरच्या रुग्णांत, स्मृतीशी निगडित भागात ते कमी असल्याचे त्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. ही घट रोगाचे कारण आहे की परिणाम, याचा निर्णय अद्याप झालेला नाही.

तरीही या मोजमापाचे मोल मोठे आहे. कंपवातात हात थरथरू लागेपर्यंत त्या पुंजक्यातील पुष्कळ पेशी नष्ट झालेल्या असतात. लेव्होडोपा हे औषध डोपामिनची उणीव भरून काढते. पेशींची झीज मात्र ते थांबवीत नाही. म्हणूनच शोध घ्यायचा आहे तो कंपाचा नव्हे, तर त्याआधीच्या निःशब्द वर्षांचा.