वणवा, शाळा आणि मुलांची ग्रामसभा

एप्रिल उजाडला की आपल्या कलबुर्गी विभागातल्या सरकारी कचेऱ्या सकाळी ८ ला उघडतात आणि दुपारी दीडला बंद होतात. पारा ४३-४४ अंशांवर जातो, म्हणून सरकार स्वतःचं घड्याळ बदलतं. आपल्या मुलांना मात्र हवामानबदल शिकवायचा म्हटलं की आपण वितळणाऱ्या बर्फावरचं अस्वल दाखवतो. घामानं भिजलेल्या वर्गात ते अस्वल! मला याचं फार वाईट वाटतं.

दाखवायचं उदाहरण तर जवळच आहे : आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातलं चिंचोलीचं अभयारण्य. २०११ साली घोषित झालेलं हे सुमारे १३४ चौरस किलोमीटरचं शुष्क पानझडी जंगल. उन्हाळ्याच्या तोंडावर झाडं पानं टाकतात, जमिनीवर पाचोळा साचतो, गवत वाळून कुरकुरीत होतं. विझली समजून फेकलेली एक बिडी तिथं पुरते. आपल्या देशातले बहुतेक सगळे वणवे माणसाच्याच हातून लागतात, हे मुलांना आधी स्पष्ट सांगा. मग पुढचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या : ठिणगी तर आजोबांच्या काळातही पडत होती, आता आग इतकी का पसरते?

उत्तर तराजूवर मिळतं. वाळलेल्या गवताची एक पेंडी सकाळी ७ ला तोलून शाळेच्या आवारात सावलीत टांगा आणि तीच पेंडी दुपारी ३ ला पुन्हा तोला. वजन घटलेलं असतं. गवत तेच, गेला तो ओलावा. हवा एका अंशानं तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि ते बाष्प ती माती-पानांतून ओढून घेते. ऑस्ट्रेलियात २०१९-२० मध्ये आणि कॅनडात २०२३ मध्ये जी अफाट जंगलं जळाली, तिथंही असंच वाळलेलं जळण आगीच्या वाटेत पडलेलं होतं. आठवीच्या मुलीला हे आकड्यांत मांडता येतं. तिनं ते स्वतः तोललेलं असतं.

दुसरं साधन मोबाईलवर आहे. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांच्या मदतीनं आगीच्या सूचना देतं. त्यातला एक संवेदक ३७५ मीटरच्या चौकोनापर्यंत जागा दाखवतो. पण जपून. नकाशावरचे ठिपके जंगलातच पडतील असं नाही. भालकी-हुमनाबादकडे ते उसाच्या पाचटावर पडतील, इकडे तुरीच्या धसकटांवर. वर्गातल्या एखाद्या मुलाला स्वतःच्या बापाचं शेत ओळखू येईल. त्या क्षणी गुरुजींनी त्याला घरातला पोलीस करू नये. पाचट जाळलं की त्यातला नत्र जवळजवळ सगळा उडून जातो, बांधालगतच्या माळावर टिटवीची उघड्यावरची अंडी भाजतात, हे खरंच. पण मजुरी परवडत नाही म्हणून काडी लावली जाते, हेही तितकंच खरं. पाचटाची कुट्टी करणारं यंत्र गावात भाड्यानं मिळालं, तर काडीपेटी आपोआप खिशात राहील.

आणि या यंत्राची मागणी मांडायला आपल्या कर्नाटकात मुलांना हक्काची जागा आहे : 'मक्कळ ग्रामसभा'. ग्रामपंचायतीनं दरवर्षी मुलांसाठी भरवायची ही सभा. अनेक ठिकाणी ती हारतुरे आणि भाषणांत उरकते. खरं तर वेळेवर केलेल्या अर्जात ताकद असते. २०१९ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या आरे वसाहतीतली झाडं मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीत तोडली जाऊ लागली, तेव्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि सर्वोच्च न्यायालयानं ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. तोवर दोन हजारांवर झाडं पडली होती. उशिरा लिहिलेल्या अर्जाची किंमत झाडांनी मोजली. आपल्या मुलांचा अर्ज वणव्याच्या हंगामाआधी जायला हवा.

त्यात 'पर्यावरण वाचवा' असं मोघम काही नको. जंगलाला लागून असलेल्या शेतांचे सर्व्हे नंबर लिहा. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळी ठेवलेली पट्टी, जानेवारीअखेर साफ करून हवी, असं लिहा. कुट्टी यंत्र किती दिवस आणि कोणत्या महिन्यात हवं, तेही लिहा. तांड्यावरच्या मुलांना रानाच्या वाटा ठाऊक आहेत. नकाशा त्यांच्याकडून काढून घ्या. अर्ज मराठी शाळेचा असला तरी कन्नडमध्येही लिहा, पंचायत सचिवांना सबब राहू नये. खाली मुलांच्या सह्या, आवक नोंदीचा शिक्का आणि एक प्रत शाळेच्या फळ्याशेजारी. उत्तर येईपर्यंत ती तिथून काढायची नाही.