मोटारीतील दवंडी

मोटार म्हणजे इंजिन आणि चाके, ही समजूत आता अपुरी ठरते. आजच्या मोटारीत अनेक लहान संगणक बसविलेले असतात. एक इंजिनावर लक्ष ठेवतो, दुसरा ब्रेकवर, तिसरा दारांच्या कुलपांवर. ते परस्परांशी बोलतात ते बहुधा ‘कॅन’ नावाच्या संदेशवाहिनीवरून. जर्मनीतील बॉश कंपनीने ती १९८६ साली जगापुढे मांडली.

या वाहिनीवरील संदेश दवंडीसारखा असतो. तो सर्वांना ऐकू जातो आणि ज्याचा त्याने तो उचलावयाचा असतो. संदेश कशाविषयी आहे व किती निकडीचा आहे हे त्यावरून कळते. तो कोणी पाठविला हे मात्र कळत नाही. याबद्दल मूळ रचनाकारांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्या काळी वाहिनीला हात लावावयाचा तर आधी गाडीत शिरावे लागे. आणि जो गाडीत शिरला त्याला ब्रेकची नळी कापणेही अवघड नव्हते.

पुढे गाडीला मोबाइलची जोडणी मिळाली आणि हा हिशेब चुकला. २०१५ साली अमेरिकेत चार्ली मिलर व ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी ते दाखवून दिले. जीप चेरोकी गाडी सेंट लुईसजवळच्या महामार्गावर ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने धावत होती. चालक होता अँडी ग्रीनबर्ग हा पत्रकार. प्रयोगाची त्याला कल्पना होती. संशोधक मैलोगणती दूर, घरात बसले होते. प्रथम थंड वारा सुटला, मग रेडिओ गर्जू लागला, वायपर हलू लागले. शेवटी इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचेनाशी झाली. मागून मालमोटारी येत होत्या.

हे घडले कसे? संगीत व नकाशे दाखविणाऱ्या संचाचे एक द्वार मोबाइलच्या जाळ्यावर उघडे राहिले होते, आणि तेथे परवलीचा शब्दही विचारला जात नव्हता. तरीही तो संच वाहिनीवर थेट हुकूम सोडू शकत नव्हता. मध्ये एक छोटी चिप होती. संशोधकांनी त्या चिपमधील आज्ञावलीच बदलून टाकली. नवी आज्ञावली खुद्द निर्मात्याकडून आली आहे काय, हे चिप तपासत नव्हती. खरी उणीव ही होती. उघडे द्वार एका दिवसात बंद करता येते; ओळख न विचारणारा पहारेकरी मात्र रचनेतच बसलेला असतो.

कंपनीने १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलाविली आणि मालकांना टपालाने यूएसबी पाठविल्या. अनोळखी यूएसबी संगणकाला जोडू नये असे एरवी बजावले जाते. येथे उपायच त्या रूपाने घरी आला!

यानंतर विचाराची दिशा पालटली. मनोरंजनाचा संच व ब्रेक यांच्यामध्ये तपासणीचे नाके असावे, प्रत्येक आज्ञावलीवर निर्मात्याची सांकेतिक मुद्रा असावी, असा आग्रह वाढला. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत तयार झालेला १५५ क्रमांकाचा नियम जुलै २०२४ पासून युरोपीय संघात नव्याने विकल्या जाणाऱ्या मोटारींना लागू झाला. त्यापूर्वी विकल्या गेलेल्या बहुतेक गाड्या त्याच्या कक्षेत येत नाहीत, आणि मोटार तर पंधरा-वीस वर्षे सहज चालते.