हुमणीला मुळाची वाट कशी सापडते?

(उधना येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



तुमच्यापैकी अनेकांचं काम इथे उधन्यात लूमवर आणि शेत नंदुरबार, धुळे, जळगावकडे. गावाहून भावाचा फोन येतो: ऊस पिवळा पडला, धरून ओढला तर अख्खं बेट हातात आलं, खाली मुळंच नाहीत. पुढचं सांगावं लागत नाही. हुमणी! इकडे बारडोली-चलथाणच्या पट्ट्यातले शेतकरीही तिला ओळखून आहेत. गुजरातीत तिला धैण किंवा मुंडा म्हणतात.

आज मी औषधांची यादी घेऊन आलेलो नाही. डोळे नसलेली ही अळी काळोख्या मातीत नेमकी मुळाशी कशी पोहोचते, ते सांगायला आलो आहे. माझ्या मते तिच्या बंदोबस्ताची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

हुमणी तळहातावर घेतली की ती इंग्रजी सी अक्षरासारखी वळते. पांढुरकं अंग, तपकिरी डोकं, पुढे पायांच्या तीन जोड्या. भिंगातून डोकं पाहा. दोन्ही बाजूंना चार पेरांच्या आखूड मिशा दिसतील. शेवटच्या पेरावर गुळगुळीत, चकतीसारखे ठिपके असतात. हेच तिचं नाक. युरोपातल्या मेलोलोंथा या हुमणीच्या भाऊबंदांवर प्रयोग झाले, तेव्हा या मिशा कार्बन डायऑक्साइडला प्रतिसाद देतात असं दिसून आलं.

मूळ जिवंत असतं, श्वास घेतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. बाहेरच्या हवेत या वायूचं प्रमाण सुमारे ०.०४ टक्के. मातीच्या कणांमधल्या हवेत ते त्याच्या दहापट, कधी त्याहूनही अधिक, आणि मुळाजवळ आणखी दाट. अळी त्या वाढत्या दाटीच्या दिशेने सरकते. पण कुजणारा पालाही हाच वायू सोडतो. म्हणून जवळ गेल्यावर तोंडाजवळची स्पर्शकं चव घेतात. मुळातली साखर लागली की खाणं सुरू.

न कुजलेलं शेणखत शेतात टाकू नका असं कृषी विद्यापीठं सांगतात, ते हुमणीचे प्रौढ भुंगेरे अशा जागी अंडी घालतात म्हणून. मात्र उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नव्हे. तिथे बऱ्याचदा गेंड्या भुंग्याच्या अळ्या असतात आणि त्या कुजकं खाऊन जगतात. जाणकार शेपटाकडच्या भागाखाली केसांची मांडणी पाहून जात ओळखतात.

ओलही तिला कळते. वरचा थर सुकला की ती खाली उतरते, म्हणून वर शिंपडलेलं औषध मोठ्या अळीपर्यंत पोहोचेलच असं नाही.

आणि कंप! जपानमध्ये हुमणीच्या नात्यातला काबुतोमुशी नावाचा शिंगवाला भुंगेरा आहे. त्याचे कोष आणि अळ्या एकाच कुजक्या मातीत राहतात. अळी खणत कोषाच्या कोठडीपर्यंत आली तर कोठडी फुटायची. अशा वेळी कोष आतल्या आत फिरतो, पाठ भिंतीवर आपटतो आणि तो हादरा लागताच अळी जागीच थबकते. तिथल्या संशोधकांनी हे २०१२ साली प्रसिद्ध केलं. तो कंप मोल या जमीन पोखरणाऱ्या शत्रूच्या खणण्याशी जुळतो, म्हणून अळी घाबरते, असं त्यांचं म्हणणं. मला हा शोध विलक्षण वाटतो. मातीखाली इतकी बोलाचाली चालते आणि आपण वरून फक्त नांगर फिरवतो.

आता दुसरी बाजू. श्वास हुमणीही सोडते. मातीत हेटेरोऱ्हॅब्डायटिस नावाचे सूक्ष्म सूत्रकृमी असतात. ते त्याच कार्बन डायऑक्साइडचा माग काढत अळीपर्यंत येतात, अंगात शिरतात आणि पोटातले जिवाणू सोडून तिला मारतात. यातली इंडिका ही जात कोइम्बतूरच्या उसावरच्या शेंडेकिडीत सापडली आणि १९९२ साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं. ज्या खुणेवर हुमणी मूळ शोधते, त्याच खुणेवर तिचा वैरी तिला शोधतो. मेटारायझियम बुरशीही हुमणीला मारते, पण तिला चालता येत नाही, अळीचा स्पर्श व्हावा लागतो. म्हणून ओल असलेल्या जमिनीत, अळ्या लहान असतानाच, हे जैविक उपाय लागू पडतात. कोरड्या ढेकळांत सूत्रकृमी सोडणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

मात्र सर्वांत स्वस्त संधी अळीची नाही, भुंगेऱ्याची. जमिनीत दबा धरून बसलेले भुंगेरे वळवाची किंवा मृगाची पहिली दमदार सर आली की संध्याकाळी बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. तिथेच मीलन होतं, मग मादी जमिनीत अंडी घालते.

येत्या पावसाच्या सुरुवातीला तुमच्यापैकी बरेचजण पेरणीसाठी जळगाव लाईनच्या गाडीत बसतील. गावी पोहोचल्यावर अंधार पडताच बांधावरच्या झाडांखाली जा, फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. एकट्याच्या शेतात हे करून भागत नाही, कारण भुंगेरे शेजारच्या बांधावरून येतात. गावातल्या पोरांना, शेजाऱ्यांना, भाऊबंदांना बरोबर घ्या आणि सगळ्या शिवारात एकाच वेळी, पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी ओळीने हे करा.