रोगांची नावे आणि संगणकाची समज

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



‘झटका आला’ असे आपल्या घरोघरी म्हटले जाते. तो झटका हृदयविकाराचा, फेफऱ्याचा की अर्धांगवायूचा, हे त्या शब्दावरून उमगत नाही. उलटपक्षी मधुमेह, डायबेटिस आणि नुसती ‘साखर’ ही तीन नावे एकाच रोगाची. डॉक्टर चार प्रश्न विचारून संशय फेडून घेतात. संगणकास मात्र ही नातीगोती आधी पढवावी लागतात.

त्यासाठी वैद्यकातील संकल्पनांची जी परस्परसंबद्ध मांडणी करतात, तीस ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात. आपण तीस रोगांची व औषधांची वंशावळ म्हणू. ‘स्नोमेड सीटी’ ही अशीच एक विस्तृत वंशावळ होय. तीत प्रत्येक संकल्पनेस स्वतंत्र क्रमांक असतो. नाव कोणत्याही भाषेत असो, क्रमांक तोच. हृदयस्नायूचा रक्तपुरवठा तुटून येणाऱ्या झटक्याचा क्रमांक २२२९८००६. ही मांडणी सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा भारत २०१४ साली सभासद झाला.

या वंशावळीच्या आधारे आपण होऊन लक्ष ठेवणाऱ्या संगणकीय आज्ञावलीस ‘एजंट’ म्हणतात. समजा, रुग्णाच्या कागदपत्रांत ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ अशी नोंद आहे आणि दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन लिहून दिले. दोन्ही नावे वेगळी दिसतात. परंतु अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच कुळातले. एजंट हे नाते ओळखून औषध पोटात जाण्यापूर्वी इशारा देतो. अशा प्रसंगी प्राणही वाचू शकतो.

तथापि यंत्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात ‘मायसिन’ नावाची आज्ञावली तयार झाली. जंतुसंसर्गावर कोणते औषध द्यावे, याचा सल्ला ती चांगला देई. पण नित्याच्या रुग्णसेवेत ती कधीच आली नाही. रुग्णाची सर्व माहिती दर वेळी डॉक्टरांनीच तीत भरावी लागे, हे त्याचे एक कारण. शिवाय इशारे अतोनात होऊ लागले की डॉक्टर ते न वाचताच पुढे जातात, हाही अनुभव आहे. म्हणून अंतिम निर्णय डॉक्टरांचाच राहिला पाहिजे.

आपल्याकडे २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाशी रुग्णाच्या संमतीने नोंदी जोडता येतात. परंतु जी नोंद झालीच नाही, ती कोणता एजंट वाचणार? यास्तव आमची प्रत्येक कुटुंबास विनंती आहे की, घरातील प्रत्येकाची एक वही ठेवावी. जुने विकार, शस्त्रक्रिया व त्यांची तारीख, चालू औषधांची मूळ नावे आणि न मानवलेली औषधे तीत लिहावीत. ‘झटका’ एवढेच न लिहिता कशाचा, हे डॉक्टरांस विचारून लिहावे. प्रत्येक डॉक्टरांपुढे ती वही उघडावी.