पगाराच्या स्लिपवरचे दोनशे रुपये

अंबरनाथ पूर्वेच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या कामगाराच्या पगाराच्या स्लिपवर पीएफच्या आसपास एक लहानशी कपात असते. पी.टी., दोनशे रुपये. फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाचे अडीच हजार. हा व्यवसाय कर. तो कापतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. कशासाठी कापतात, हे मात्र कारखान्याच्या हिशेबनिसालाही सांगता येईलच असं नाही.

महाराष्ट्राने हा कर १९७५ साली बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरात नेमाने पगार घेणाऱ्याने थोडं द्यायचं आणि त्यातून खेड्यात काम मागणाऱ्याच्या हाताला काम मिळायचं, असा तो व्यवहार. योजनेचे जनक वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती, पेशाने अर्थतज्ज्ञ नव्हेत. १९७२ च्या दुष्काळात ही कल्पना कसाला लागली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. देशाला असा कायदा मिळायला २००५ साल उजाडलं.

आता प्रश्न सुरू होतात. त्या कामांवर बायका मोठ्या संख्येने का आल्या? सरकारी मजुरी मिळू लागल्यावर गावातल्या शेतमालकाला मजुरी वाढवावी लागली का? पाझर तलाव बांधले, त्यांच्या पाण्याचा फायदा मजुराला झाला की जमीनवाल्याला? असे प्रश्न विचारून आकड्यांनिशी उत्तर शोधणं, याला विकासाचं अर्थशास्त्र म्हणतात.

या विषयाला हे नाव मिळण्याच्या आधीच तो मराठी माणसाच्या हातून लिहिला गेला होता. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. तुकडे जोडून शेती सुधारणार नाही, शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं बसली आहेत हे खरं दुखणं, आणि त्यावर उपाय उद्योगधंद्यांचा, असा त्यांचा युक्तिवाद होता. शेतीतल्या जादा मजुरांचा सिद्धांत मांडणारा आर्थर लुईसचा गाजलेला लेख आला १९५४ मध्ये. लुईसना १९७९ साली नोबेल मिळालं. आपल्याकडे बाबासाहेबांच्या या बाजूचा उल्लेख भाषणांत होतो, वाचन मात्र क्वचितच होतं.

अंबरनाथ हे त्या उपायाचंच एक रूप. विम्कोचा काडेपेटीचा कारखाना, ऑर्डनन्स फॅक्टरी, मग एमआयडीसी. विम्को गेली, विम्को नाका राहिला. शेजारचं बदलापूर २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होतं, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात पोचलं. माणसं शेतीतून बाहेर पडली खरी, पण ती गेली कुठे? प्रत्येकाच्या हाती पगाराची स्लिप आली असं झालेलं नाही.

उल्हासनगरचं पाहा. युद्धकाळातली लष्करी छावणी, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती, १९४९ मध्ये मिळालेलं शहराचं नाव आणि पुढे जीन्सचा मोठा बाजार. शिवून झालेल्या पँटींचे गठ्ठे घरोघर जातात. बायका मांडीवर पँट घेऊन छोट्या कात्रीने शिलाईचे लोंबते दोरे कापतात. याला धागा कटिंग म्हणतात आणि पैसे नगावर मिळतात. आता सरकारी पाहणीवाला दारात येतो आणि विचारतो, “ताई, काम करता का?” उत्तर येतं, “नाही हो, घरीच असते.” त्याने तेवढ्यावर कागद मिटला, तर देशाच्या हिशेबात ती बाई बिनकामाची. वास्तविक गेल्या सात दिवसांत एका दिवशी तासभर जरी मोबदल्याचं काम केलं असेल, तरी त्या आठवड्यापुरती ती रोजगारात धरली जाते. म्हणजे सगळं अवलंबून दुसऱ्या प्रश्नावर : “घरी बसून काही शिवता, कापता, निवडता का?” हा दुसरा प्रश्न सुचणं हे या विषयाचं निम्मं शिक्षण आहे.

उरलेलं निम्मं गणित आणि संख्याशास्त्र. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर जो अभ्यास मांडला, त्यात १९६०-६१ च्या भावाने खेड्यात दरमहा माणशी पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही रेषा धरली होती. तिच्याखाली ग्रामीण भागातले सुमारे चाळीस टक्के आणि शहरातले जवळजवळ निम्मे लोक निघाले. दोघेही पुण्याच्या गोखले संस्थेचे. १९३० साली निघालेल्या या संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत होते आणि १९६७ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राची मदत राज्यांत कशी वाटायची याचं तेव्हाचं सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखतात.

उल्हासनगर-कल्याणच्या कॉलेजातून अर्थशास्त्राची पदवी घेणाऱ्यासमोर पुढे बरीच दारं आहेत. मुंबई विद्यापीठाचा १९२१ पासूनचा अर्थशास्त्र विभाग कलिन्याला, टाटा सामाजिक विज्ञान संस्था देवनारला, रिझर्व्ह बँकेने काढलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था गोरेगावला. पहिल्या दोन्हींकडे जायला कुर्ल्याला उतरायचं. गाडीत जागा मिळाली तर वाचनही होतं. मात्र अकरावीला गणित टाळलेल्यांची पुढे फार ओढाताण होते, आणि नुसत्या एक्सेलवर भागत नाही.

त्यानंतर नोकऱ्या. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. वय एकवीस ते तीस, पदव्युत्तर पदवी हवी, आणि जागा काही वर्षी वीसच्याही आत. रिझर्व्ह बँकेत संशोधन विभाग आहे, वांद्रे-कुर्ला संकुलात नाबार्डचं मुख्यालय आहे. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ तयार करणाऱ्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात अन्वेषक, सांख्यिकी सहायक ही पदं असतात. त्यांची जाहिरात आली तरी अर्थशास्त्राच्या मुलांना ती उशिरा कळते.

दुसरी वाट संस्थांची. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने मुंबईच्या पालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच मुली बालसखी म्हणून नेमल्या. त्यांच्यामुळे मुलं खरंच पुढे गेली का, हे अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आणि वडोदऱ्यात प्रयोग करून तपासलं. मुलं पुढे गेली होती. बॅनर्जी आणि डफ्लो यांच्या २०१९ च्या नोबेलमागे अशाच प्रयोगांची मालिका होती. बॅनर्जींच्या आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर, त्याही अर्थतज्ज्ञ. कलकत्त्यातल्या असंघटित कामकरी स्त्रियांवर त्यांनी पुस्तक लिहिलं आहे.

अशा अभ्यासांना घरोघर फिरणारे, आलेल्या माहितीतल्या चुका शोधणारे तरुण लागतात. सुरुवातीचा पगार ऐकून घरचे म्हणतात, बँकेची परीक्षा दिली असतीस तर? त्यांचं अगदीच चुकत नाही. ही कामं बहुधा प्रकल्पापुरत्या करारावर असतात. प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, आणि बरेचदा दुसरा जिल्हा.