वाढत्या वयातील अतिचंचल मूल आणि पालकांची कसोटी
(पालकांसाठीच्या व्याख्यानाचा मजकूर)



भगवती सूत्रात अतिमुक्त कुमारश्रमणांची कथा येते. घरोघरी त्यांना अयवंता मुनी म्हणून ओळखतात. पाऊस पडून गेल्यावर हे बालमुनी स्थविरांबरोबर बाहेर पडले. वाहत्या पाण्याला त्यांनी मातीची पाळ घातली, आपले पात्र त्या पाण्यात सोडले आणि ही आपली नाव तरते आहे असे म्हणत खेळात रमून गेले. स्थविरांना ते रुचले नाही. त्यांनी भगवान महावीरांना विचारले की, आपला हा शिष्य किती भवांनी सिद्ध होणार? भगवंतांनी सांगितले, याच भवात. आणि स्थविरांनाच समज दिली की, या बालकाची निंदा-अवहेलना न करता, न कंटाळता त्याचा सांभाळ करावा.

या कथेतील बालमुनींना कोणताही आजार होता असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. ते एक निरागस बालक होते, इतकेच. परंतु ‘न कंटाळता सांभाळ’ ही अपेक्षा ज्या घरात दररोज, वर्षानुवर्षे पाळावी लागते, अशी घरे मारेगावसारख्या छोट्या गावातही असतात. ज्या मुलाला एका जागी बसवत नाही, सांगितलेले ध्यानात राहत नाही, पाळी येईपर्यंत थांबवत नाही, त्या मुलाच्या माता-पित्यांसाठी आजचा विषय आहे.

या अवस्थेला वैद्यकशास्त्रात ‘अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर’, थोडक्यात ए.डी.एच.डी., म्हणतात. अवधानाची उणीव व अतिचंचलता असा त्याचा अर्थ. हे नवे खूळ आहे, मोबाईलमुळे आले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. इ.स. 1902 मध्ये लंडन येथे डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी डॉक्टरांपुढे व्याख्याने दिली होती, तेव्हा मोबाईल सोडाच, रेडिओही घरात आला नव्हता. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जगभरातील संशोधनाच्या एका मोठ्या आढाव्यात शंभर मुलांमागे सुमारे पाच असे याचे प्रमाण आढळले. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात तीन मुले, असा हिशेब होतो. त्याच वर्षी ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला आणि अनेकांना वाटू लागले की ही तीच अडचण. त्या चित्रपटातील मुलाची अडचण मुख्यतः वाचन-लेखनाची आहे. दोन्ही अडचणी एकाच मुलात असू शकतात, पण त्या एक नव्हेत.

प्रत्येक खोडकर मूल या व्याख्येत बसत नाही. लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावीत, बाराव्या वर्षापूर्वी दिसू लागलेली असावीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी त्यांचा त्रास होत असावा, तेव्हाच तज्ज्ञ डॉक्टर निदान करतात. केवळ गणिताच्या तासाला उच्छाद मांडणारे मूल कदाचित गणिताला कंटाळलेले असते. आनुवंशिकतेचा यात मोठा वाटा आहे. मुलाचे निदान ऐकल्यावर वडील हळूच म्हणतात की, लहानपणी आपणही असेच होतो, आणि शेजारी बसलेले आजोबा मान डोलावतात. म्हणून आईच्या लाडाने मूल बिघडले हा जो ठपका घरात सहज ठेवला जातो, त्याला शास्त्राचा आधार नाही.

आता मुख्य मुद्दा. निदान झाले, शिक्षकांशी बोलणे झाले, घरची घडी बसली, दोन वर्षे बरी गेली आणि अचानक सहावी-सातवीत सगळे विस्कटले, अशी तक्रार पालक करतात. मूल उलट बोलते, रडते, दार आपटते, रात्री झोपत नाही, सकाळी उठत नाही. घरचे म्हणतात, सुधारला होता, पुन्हा बिघडला. हा निष्कर्ष बहुधा घाईचा असतो. वर्षभरात पायजमा आखूड होतो तेव्हा पायजम्याला वा मुलाला कोणी दोष देत नाही. वागणुकीसाठी केलेली जुनी व्यवस्थाही तशीच आखूड होते.

पाच वर्षांनंतर वयात येईपर्यंत मुलाची उंची वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटीमीटरने वाढते. पुढे वयात येताना हा वेग एकदम वाढतो. मुलींमध्ये बहुधा अकराव्या-बाराव्या वर्षी तो वर्षाला सुमारे 8 सेंटीमीटरपर्यंत जातो, मुलांमध्ये तेराव्या-चौदाव्या वर्षी 9 ते 10 सेंटीमीटरपर्यंत. उंची वाढल्यामुळेच चंचलता वाढते असे सिद्ध झालेले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु याच काळात भूक बदलते, झोपेची वेळ पुढे सरकते, भावना उसळतात, आणि नेमक्या याच वेळी शाळा व घर दोन्हीकडून मागणी वाढते. एका शिक्षकाच्या जागी प्रत्येक विषयाचे वेगळे शिक्षक येतात, वह्या दहा होतात. मूल खांद्याला लागले की घरची मंडळी त्याच्याकडून मोठ्या माणसाच्या समजुतीची अपेक्षा करू लागतात.

ही समजूत मात्र उंचीबरोबर येत नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी 2007 मध्ये ए.डी.एच.डी. असलेली 223 व नसलेली 223 मुले यांच्या मेंदूच्या प्रतिमा ताडून पाहिल्या. मेंदूच्या बाह्य आवरणाच्या वाढीचा जो टप्पा इतर मुलांत सरासरी साडेसातव्या वर्षी आला, तो या मुलांत साडेदहाव्या वर्षी आला. वाढीचा क्रम तोच, पण सुमारे तीन वर्षांचा उशीर. सर्वाधिक उशीर कपाळामागच्या भागात होता, जो विचार करणे, थांबणे, आवर घालणे ही कामे पाहतो. याउलट शरीराच्या हालचाली चालविणारा भाग या मुलांत किंचित आधीच परिपक्व झालेला आढळला. बैल जोमात, कासरा अजून वळायचा आहे, असे शेतकरी म्हणेल. बारा वर्षांच्या, वडिलांच्या खांद्याला लागलेल्या मुलाकडून संयमाच्या बाबतीत नऊ वर्षांच्या मुलाइतकी अपेक्षा ठेवली, तर घरातील निम्मे वाद मिटतील.

मुलींविषयी दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत, कारण त्यांच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. पुष्कळ मुली धावपळ करीत नाहीत, त्या खिडकीतून बाहेर पाहत बसतात. ‘स्वभावाने शांत आहे, जरा विसराळू आहे’ असे म्हणून प्राथमिक शाळा पार पडते. पुढे अभ्यास वाढला, मासिक पाळी सुरू झाली की मुलगी एकदम कोलमडते आणि तेव्हा तिला आळशी ठरविले जाते.

उपचारांत औषधाचा प्रश्न येतोच. सहा वर्षांखालील बालकांसाठी आधी पालकांचे प्रशिक्षण हाच मार्ग सांगितला जातो. मोठ्या मुलांत गरजेनुसार औषध दिले जाते. त्यांपैकी मिथाइलफेनिडेट हे सर्वांत परिचित. ते फक्त डॉक्टरांच्या लेखी सल्ल्यानेच मिळते. लाभ अनेकांना होतो, पण त्याने दिवसा भूक मंदावते आणि कधी झोप लांबते. उंचीवरही थोडा परिणाम संभवतो. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात तीन वर्षांनी औषध घेणारी मुले न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी 2 सेंटीमीटर कमी उंच व 2.7 किलो कमी वजनाची आढळली. याला घाबरून औषध परस्पर बंद करणे चूक, आणि मोजमापच न ठेवणे हीही चूक. दर तीन ते सहा महिन्यांनी उंची व वजन वहीत लिहावे. भारतीय मुलांसाठी 5 ते 18 वर्षे वयाचे वाढीचे सुधारित तक्ते 2015 मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने प्रसिद्ध केले असून त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा प्रमुख सहभाग होता. या तक्त्यावर बिंदू मांडत गेले की मूल आपल्या रेषेवर वाढते आहे की खाली घसरते आहे, हे आई-वडिलांनाही दिसते.

येथे जैन घरांतील एक खास अडचण उभी राहते, जिच्याविषयी बाहेरगावच्या डॉक्टरांना सहसा कल्पना नसते. घरात नवकारसी पाळली जाते, म्हणजे सूर्योदयानंतर दोन घटिकांपर्यंत मुखात काही जात नाही. शाळा सकाळची असेल तर न्याहारी हुकते. औषध घेतले की दुपारचा डबा तसाच परत येतो. औषधाचा अंमल उतरला की सायंकाळी कडकडून भूक लागते, आणि तोपर्यंत चौविहाराची वेळ झालेली असते. मार्गशीर्ष-पौषात आपल्या भागात सूर्य साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास मावळतो. पाच वाजता शाळा सुटून मूल घरी पोहोचेपर्यंत जेमतेम अर्धा तास उरतो. ज्या वर्षी शरीराला सर्वाधिक अन्न हवे, त्याच वर्षी पोट दिवसभर रिकामे राहते, आणि भुकेलेले मूल रात्री आदळआपट करते. घरचे त्याला औषधाचा दोष म्हणतात किंवा मुलाचा.

यावर तोड आहे. औषधाची वेळ, प्रकार व मात्रा डॉक्टर बदलू शकतात. कोणते औषध चार तास चालते, कोणते आठ-दहा तास, यावर सारे अवलंबून असते. त्यासाठी घरच्या जेवणाच्या वेळा डॉक्टरांना निःसंकोच सांगितल्या पाहिजेत. औषधापूर्वी भरपेट न्याहारी व्हावी. दूध, तूप, डाळ, शेंगदाणे, सुकामेवा यांनी कमी घासांत जास्त पोषण होते. सायंकाळचे ताट शाळेतून येताच वाढलेले असावे. आणि तरीही भागत नसेल, तर पच्चक्खाणाच्या पाठातच आगार सांगितलेले आहेत, ज्यांत शरीराची समाधी बिघडल्यास औषधोपचाराची मोकळीक आहे, याचे स्मरण ठेवून गुरुभगवंतांना विचारावे. पर्युषणात असे मूल इतरांचे पाहून उपवासाचा हट्ट धरते. त्याचा भाव कौतुकास्पद, परंतु औषध चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला होकार देऊ नये. मुलाचा हिरमोड होईल, तो पालकांनी सोसावा.

सामायिकाचेही तसेच. अठ्ठेचाळीस मिनिटे एका आसनावर बसणे मोठ्यांनाही सोपे जात नाही (किती श्रावक मध्येच घड्याळ पाहतात, हे सर्वांना ठाऊक आहे). पाठशाळेत अशा मुलाला पहिल्या रांगेत बसवावे, हाती माळ द्यावी, पुस्तके वाटण्याचे काम द्यावे. हात गुंतले की कान उघडतात.

घरातही सूचना एका वेळी एकच, थोडक्या शब्दांत, जवळ जाऊन द्यावी. स्वयंपाकघरातून ओरडून दिलेल्या चार सूचनांपैकी एकही पोहोचत नाही. चांगले वागणे दिसताच त्याच क्षणी सांगावे; महिन्याच्या अखेरीस सायकल देण्याचे वचन या मुलाच्या मनाला फार दूरचे वाटते. मूल मोठे होईल तसे नियम त्याच्याशी बसून पुन्हा ठरवावेत. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी पंधरा दिवस झोपेची वेळ हळूहळू मागे आणली, तर पहिला आठवडा सुसह्य होतो. कापसाच्या हंगामात वडील दुकानात गुंतलेले असतात आणि सारा भार आईवर पडतो. त्या दिवसांत रोजची निदान वीस मिनिटे वडिलांनी मुलाला द्यावीत, त्यात अभ्यासाचा विषय नसावा.

मारहाणीविषयी फार बोलण्याची गरज नसावी. शिक्षण हक्क कायदा, 2009 याच्या कलम 17 नुसार शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. घरात कायदा पोहोचत नाही. पण ज्याला थांबणे अजून जमत नाही त्याला मारून थांबविता येत नाही. ते मूल फक्त खोटे बोलायला शिकते.

मदत कोठे मिळेल? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला. त्यात तपासावयाच्या बाबींत ए.डी.एच.डी. व अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. शासकीय व अनुदानित शाळांत पथक वर्षातून एकदा येते, अंगणवाडीत दोनदा. पथक येण्यापूर्वी शिक्षकांना मुलाविषयी सांगून ठेवावे, कारण धावत्या तपासणीत हे लक्षण नजरेतून सुटू शकते. यवतमाळ येथे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. 2022 पासून टेलिमानस ही शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर असून तेथे मराठीतून बोलता येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, ए.डी.एच.डी. स्वतंत्रपणे नाही. म्हणून वाचन-लेखनाचीही अडचण दिसत असल्यास तिची वेगळी तपासणी वेळेवर करून घ्यावी. दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षमतेसाठी जादा वेळेसारख्या सवलती मिळतात, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागते आणि ते ऐन वेळी धावपळ करून हाती येत नाही.

डॉक्टरांकडे जाताना उंची-वजनाची वही न्यावी. झोपेच्या वेळा, परत आलेल्या डब्यांची संख्या आणि शिक्षकांच्या दोन ओळी त्याच वहीत असाव्यात. आणि वागणुकीत अचानक बदल झाला असेल, तर त्या महिन्यात घरात, शाळेत किंवा मुलाच्या शरीरात आणखी काय बदलले, तेही तारखेसह लिहिलेले असावे.